मॉरिशसच्या पेपरांना सरकारी अनुदान? अजिबात नको!

लाटकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय की बारा-साडेबारा लाख वस्तीच्या मॉरिशसमध्ये स्वतंत्र पेपर चालूच शकत नाही, सरकारने अनुदान द्यावं आणि विषय संपवावा. डोकंच फिरलं वाचून. अहो, 2005 नंतर रामगुलाम पंतप्रधान असताना टीका केली म्हणून 'लेक्सप्रेस' या पेपरच्या सरकारी जाहिराती तोडल्या होत्या ना? मग 2021 ला पंतप्रधान जगन्नाथांच्या काळात कायदा बदलून खासगी रेडिओचं लायसन्स तीन वर्षांवरून एक वर्षावर आणलं, वर बातमी कुणी दिली ते सांगायला न्यायाधीश भाग पाडू शकतील अशी सोय केली. म्हणजे दरवर्षी सरकारच्या दारात उभं राहायचं आणि अनुदानही त्यांच्याकडूनच घ्यायचं? वाचकांनी वर्गणी भरावी, दुसरा मार्ग नाही.

वाक्वावाली: वर्गणी भरा म्हणणं सोपं आहे दादा. माझी मावशी पेन्शनवर जगते, तिला सगळं फेसबुकवर फुकट मिळतं, ती कशाला पैसे देईल?

लाटकर: ताई, नोव्हेंबर 2024 ला निवडणुकीच्या तोंडावर सरकारने फेसबुकच बंद केलं होतं की! फोन टॅपिंगच्या क्लिपा फिरायला लागल्या, त्यात पत्रकारांचेही कॉल होते, म्हणून. आरडाओरडा झाला तेव्हा दुसऱ्या दिवशी उघडलं.

खडूस_काका: पैसे नाहीत असं नाही, एमबीसीला, म्हणजे सरकारी रेडिओ-टीव्हीला जातात. टीव्ही फी वीजबिलातून कापतात, बघा नाहीतर नका बघू, आणि संध्याकाळच्या बातम्यांत मंत्री फीत कापताना दाखवणार. बंद करा ते!

वाक्वावाली: काका, एमबीसीला हात लावायचा नाही. आमच्या घरात सगळे क्रिओल बोलतात. आजी रेडिओ उशाशी घेऊन मराठी कार्यक्रम ऐकायची, अभंग लागला की आम्हाला गप्प बसवायची, तेवढंच मराठी आमच्या कानावर पडलं. खासगी स्टेशन देणार आहे का मराठीला वेळ?

खडूस_काका: म्हणजे अर्धा तास अभंगासाठी दिवसभर सरकारची आरती ऐकायची?

वाक्वावाली: तोंड सांभाळून बोला. तुम्ही पुण्यात बसून आम्हाला शिकवू नका, तुमच्याकडे गल्लीगल्लीत मराठी आहे.

खडूस_काका: पुण्यात नाही, इथे मॉरिशसमध्येच क्यूरपीपला वीस वर्षं बिल भरलंय मी.

लाटकर: अहो दोघेही थांबा. मराठी कार्यक्रम राहू दे, फी पण राहू दे, पण बातम्यांचा संपादक मंत्र्याने नेमायचा नाही, एवढंच म्हणतोय. सरकार बदललं म्हणून निर्धास्त कसे राहता? 2024 ला 60-0 ने, म्हणजे मॉरिशस बेटावरच्या सगळ्या जागा जिंकून आले ते तेच रामगुलाम ना? संसदेत विरोधक नावाला उरलेत, मग प्रश्न विचारणार कोण?

वाक्वावाली: हे मात्र खरंय. बरं, मावशीचं नाही सांगत, मी माझ्यापुरती वर्गणी भरते. पण मराठी कार्यक्रम तोट्यात जातो असं कुणी म्हणालं तर पुन्हा भांडेन.

खडूस_काका: भांडा. फी मी तरीही रद्दच करायला सांगणार.