मदत हवी आहे: माजी आमदारांच्या विकिपीडिया पानावर अटक आहे, निर्दोष सुटका नाही

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं मराठी विकिपीडियावर जमेल तसं लिहिते आहे. बहुतेक आमच्या तालुक्यातली गावं, नद्या, देवळं. यंदा पहिल्यांदाच एका राजकारण्याच्या पानाला हात लावला आणि पुरती अडकले.

आमच्याकडचे एक माजी आमदार, दोनदा निवडून आलेले, आता बरेच थकलेत. नाव देत नाही, दिलं की इथे पक्षावरून वाद सुरू होतील. त्यांच्या पानावर चाळीसेक ओळी आहेत आणि त्यातल्या बावीस एकाच खटल्याच्या. नव्वदच्या दशकात एका सहकारी संस्थेतल्या अफरातफरीचा गुन्हा दाखल झाला, अटक झाली, जामीन मिळाला. पान तिथेच थांबतं. पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, याचा एक शब्दही नाही. त्यांनी आणलेली पाणीपुरवठा योजना दीड ओळीत आटोपली आहे.

मी सुटकेचं वाक्य घातलं. दोन तासांत एका सदस्याने ते उलटवलं, कारण दिलं ‘संदर्भ नाही’. त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही, संदर्भ खरोखरच नव्हता.

मग शोधाशोध सुरू केली. अटकेची बातमी मोठ्या दैनिकांत पहिल्या पानावर, सुटकेची कुठेच सापडेना. आमच्या वाचनालयातल्या त्या वर्षाच्या बांधीव फायली पावसात भिजून गेल्या. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर इतका जुना निकाल मिळाला नाही. निवडणुकीचं शपथपत्र बघितलं, तर नमुना २६ मध्ये प्रलंबित खटले आणि झालेल्या शिक्षा एवढंच भरायचं असतं. निर्दोष सुटलेल्या माणसाचा खटला तिथून नुसता गायब होतो.

शेवटी त्यांच्या मुलाने निकालाची सहीशिक्क्याची नक्कल दिली. चौदा पानं, शब्द न् शब्द वाचली. पुरावा नाही म्हणून सोडलं, असं स्वच्छ लिहिलंय. पण इंग्रजी विकिपीडियाचा जिवंत व्यक्तींच्या चरित्रांबाबतचा नियम वाचला आणि हात थबकला. न्यायालयीन कागदपत्रांच्या आधारावर जिवंत माणसाबद्दल विधान करू नका, असं तिथे सांगितलं आहे. हेतू समजतो. कुणीही फिर्यादीची प्रत आणून कुणालाही गुन्हेगार ठरवेल. पण इथे त्याच नियमाने अटक पानावर राहते आणि सुटका बाहेर. माणूस जिवंत आहे हो, त्यांच्या नातवंडांनी आजोबांचं नाव शोधलं की आधी हेच समोर येतं.

दुसरीकडून तो मुलगा म्हणतो, ताई, खटल्याचा भागच काढून टाका आणि वर ‘कार्यसम्राट’ घाला. दोन्हीला मी नकार दिला. अटक झाली होती, ते खोटं नाही. त्यावर एका सदस्याने सबंध पानावरचं ‘ते निवडून आले’ बदलून ‘तो निवडून आला’ केलं, आदरार्थी बहुवचन म्हणजे पक्षपात म्हणून! मग बाकीच्या सगळ्या चरित्रांत ‘ते’ कसं चालतं?

या गृहस्थांना मी कधी मत दिलेलं नाही. तरीही हे पान अन्यायाचं आहे असं मला वाटतं. कुणी मार्ग सांगेल का?

प्रतिसाद १

ताई, छापील बातमी संदर्भ म्हणून चालते, तिचा दुवा जालावर असलाच पाहिजे असं नाही. दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख, पान आणि मथळा एवढं द्या. नक्कल संदर्भात टाकू नका, पण तिच्यावरची निकालाची तारीख सोन्यासारखी आहे. त्या तारखेनंतरचे चार-पाच दिवसच चाळायचे. मोठी दैनिकं सोडून द्या. जिल्ह्याच्या ठिकाणी निघणारी छोटी दैनिकं कोर्टाच्या बातम्या आवर्जून छापत. जिल्हा ग्रंथालयात किंवा थेट त्या दैनिकाच्या कार्यालयात फायली मिळतील. बातमी सापडली की नक्कल तिला जोड म्हणून देता येईल, तेवढी मुभा त्याच नियमात आहे.

प्रतिसाद २

बावीस ओळींचा मुद्दा वेगळा मांडा. संदर्भ खरा असला तरी चाळीसातल्या बावीस ओळी एका खटल्याला देणं हे अवाजवी महत्त्व आहे. लेखाच्या चर्चा पानावर (बदलांवर सदस्य बोलतात ते पान) आधी एवढंच लिहा.

जिवंत व्यक्तींबाबतच्या नियमामागचा इतिहासही तिथे सांगा. २००५ साली अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सीगेनथॉलर यांच्या पानावर कुणीतरी केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचं नाव जोडलं आणि ते चार महिने तसंच राहिलं. त्यातून जिवंत माणसांसाठी कडक नियम आले. आरोप करणाऱ्याला आवर घालायला ते आले, आरोपातून सुटलेल्याला अडवायला नाही.

मुलाला मात्र पान संपादू देऊ नका. २००५ मध्ये मार्टी मीहन या अमेरिकी खासदाराच्या कर्मचाऱ्यांनी त्याच्या पानावरून चार वेळाच निवडणूक लढवण्याचं जुनं आश्वासन पुसलं होतं. बाहेर आल्यावर तीच बातमी झाली. मुलाने आपलं नातं उघड सांगून चर्चा पानावर विनंती करावी, बदल दुसऱ्याने करावा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. तारखेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी जिल्ह्याच्या गावी जाते आहे. मुलाशीही बोलले, जरा नाराज झाला पण चर्चा पानावर लिहायला तयार आहे. ‘ते’ परत आणावं असं चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, मांडते.

बातमी सापडली तर बावीस ओळींच्या जागी एवढंच ठेवावं म्हणते: ‘सहकारी संस्थेतील अफरातफरीच्या आरोपावरून त्यांना अटक झाली होती. आरोप त्यांनी नाकारला. पुढे पुराव्याअभावी न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली.’ यातलं ‘पुराव्याअभावी’ ठेवू की नको? निकालात ते आहे, पण वाचणाऱ्याला ‘केलं असेल, सापडला नाही’ असं तर वाटणार नाही ना?