कापूस करडा येतो, बैल हलतात: छोट्या कॅमेऱ्यात कोणता सीन मोड लावू?

वावरवाली
नमस्कार मंडळी. मी वणी तालुक्यातली. मामांनी त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा दिला आहे, खिशात मावेल एवढा. वरच्या चकतीवर एससीएन (म्हणजे सीन) आहे, तिथे नेलं की पडद्यावर चित्रं येतात: बाईचा चेहरा, डोंगर, पळणारा माणूस, चांदणी, बर्फाचा बाहुला, फटाके. माहितीपुस्तिका नाही.

मागच्या वेचणीला ऑटोवर आईचे फोटो काढले. पऱ्हाटी (कपाशी) फुटून पांढरीफेक होती, फोटोत मात्र कापूस राखेसारखा आणि आईचा चेहरा काळवंडलेला. पुढच्या वर्षीपासून वावर ठेक्यानं द्यायचं घरी ठरलं आहे, म्हणजे आईची ही शेवटची वेचणी. या वेळचे फोटो नीट यायलाच हवेत. त्याआधी पोळा आहे. आणि दिवाळीनंतर ब्रह्मपुरीकडे मावशीकडे जाणार, तिथे रात्रीचं नाटक. कुठे काय लावू?

धुऱ्यावरचा
ताई, वेचणीला बर्फाचा बाहुला लावा. नाव बर्फाचं असलं तरी आपल्याकडे तो कापसाचाच मोड आहे.

कॅमेऱ्याला समोर कापूस आहे की काळी माती, हे कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे असं धरून तो उजेड मोजतो. चौकटभर पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो फोटो अंधारा करतो. कापूस करडा होतो आणि त्यासोबत चेहराही काळा पडतो. बर्फाच्या मोडमध्ये उजेड मुद्दाम वाढवलेला असतो. तो मोड नसेल तर चकतीवरच्या पी वर जा (त्यात उजेड आपल्याला कमी-जास्त करता येतो), अधिक-वजाचं चिन्ह शोधा आणि +१ करा.

आईच्या डोक्यावर पदर किंवा रुमाल असेल तर चेहऱ्यावर सावली पडते. तेव्हा भर उन्हातही फ्लॅश लावा, विजेच्या चिन्हावर नेऊन, आणि दोन मीटरच्या आत उभ्या राहा. काही कॅमेऱ्यांत बर्फाच्या मोडवर फ्लॅश चालू होत नाही, तिथे पी आणि +१ हाच रस्ता. शक्यतो सकाळी काढा, ऊन डोक्यावर यायच्या आत. एकट्या बोंडाचा फोटो हवा असेल तर फुलाचं चिन्ह लावा, झूम पूर्ण मागे घ्या आणि वीतभर अंतरावर जा. बोंडाच्या वाळक्या टोकांवर अडकलेला तंतूही दिसेल.

तोरणाखाली
पोळ्याचं मी सांगतो. झडत्या (पोळ्याला म्हणायची गाणी) चालू असतात तोवर बैल तोरणाखाली रांगेत उभे असतात, तेव्हा चेहऱ्याचा मोड चालेल. गुडघ्यावर बसा, बैलाच्या डोळ्याच्या उंचीवर या, झूल आणि बाशिंग दोन्ही चौकटीत येतात. तोरण तुटलं की बैल सुटतात, तेव्हा लगेच पळणारा माणूस लावा. पण पोळ्याला आभाळ भरलेलं असतं. उजेड कमी असला की हा मोड आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, चढवतो आणि फोटोत दाणे येतात. म्हणून झाडाखाली नको, मोकळ्यात उभ्या राहा.

छोट्या कॅमेऱ्याचं बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो. बैल जिथून जाणार तिथल्या जमिनीवर आधीच अर्धं बटण दाबून धरा, तो आला की पूर्ण दाबा. आणि बैलाच्या तोंडासमोर फ्लॅश अजिबात नको. बुजला तर लेकरं जवळच असतात.

दंडारप्रेमी
मी वडसा भागातला, झाडीपट्टीची नाटकं लहानपणापासून पाहतो. चांदणीवाला मोड नाटकाला लावू नका. त्यात शटर बराच वेळ उघडं राहतं, नट हलला की पुसट येतो. फ्लॅशही फुकट जातो, कारण तो तीन-चार मीटरच पोचतो. रंगमंच अंधारात आणि पुढच्या रांगेतली डोकी मात्र पांढरी, असा फोटो मिळतो.

पी वर जा, फ्लॅश बंद, आयएसओ ८००, झूम नाही आणि जागा पुढची. उजेडाची मोजणी स्पॉटवर (फक्त मधल्या भागावर) ठेवून मधला चौकोन नटाच्या चेहऱ्यावर धरा. संवाद संपल्यावर तो क्षणभर थांबतो, तेव्हा दाबा. नाटक पहाटेपर्यंत चालतं, त्यामुळे दुसरी बॅटरी जवळ असू द्या.

गावचा
एवढे मोड लक्षात ठेवण्यापेक्षा पी आणि अधिक-वजा शिका. सगळं त्यातच भागतं.

धुऱ्यावरचा
भाऊ, खरं आहे, पण वावरात कॅमेरा हातात घेतल्यावर आधी चित्र ओळखू येतं. मग हळूहळू पी वर येता येतं.

वावरवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. पऱ्हाटी अजून हिरवी आहे, म्हणून आज अंगणात सुपभर तांदूळ ठेवून पाहिलं. ऑटोवर तांदूळ मळकट आला. बर्फाच्या बाहुल्यावर पांढरा, आणि सुपाच्या बांबूची वीणसुद्धा वेगवेगळी दिसली. मग आईला सूप हातात धरायला लावलं. माझ्या कॅमेऱ्यात त्या मोडवर फ्लॅश चालत नाही, म्हणून पी, +१ आणि वीज. पदराखालचं कुंकू स्पष्ट आलं. वेचणी सुरू करतानाची पूजा, सीतादही, आठवून आई म्हणाली, "सीतादहीच्या दिवशी असाच काढजो."