प्रश्नाला नुसता 'पायथन' टॅग लावायचा की आवृत्तीचाही?

सेमीकोलन:
स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर एका प्रश्नाला जास्तीत जास्त पाच टॅग लावता येतात. माझा प्रश्न पांडाजमध्ये (तक्त्यातल्या डेटासाठीची पायथनची लायब्ररी) दोन डेटाफ्रेम, म्हणजे तक्ते, मर्ज करण्याचा, मशीनवर पायथन ३.११. पायथन काढून फक्त पायथन-३.११ आणि पांडाज ठेवले तर नेमके जाणकारच येतील ना? की आवृत्तीचा टॅग लावूच नये?

जुना_कंपायलर:
पायथन काढू नका. बहुतेक उत्तरं देणारे त्याच टॅगवर नजर ठेवून असतात आणि पायथन टॅगच्या शोधात पायथन-३.११ आपोआप येत नाही. नुसता आवृत्तीचा टॅग असेल तर प्रश्न कोपऱ्यात पडून राहतो.

दुसरी गोष्ट डुप्लिकेटची, म्हणजे आधीच विचारलेल्या प्रश्नाची. ज्याच्याकडे पायथनचा सुवर्ण बिल्ला आहे (त्या टॅगवर भरपूर चांगली उत्तरं दिल्याबद्दल मिळतो) तो एकट्याच्या मताने प्रश्न जुन्या उत्तराशी जोडून बंद करू शकतो, पण तो टॅग प्रश्न विचारतानाच लावलेला असावा लागतो. मागाहून घातलेला चालत नाही. प्रश्न बंद झाला म्हणून लोक चिडतात खरे, पण तयार उत्तर दोन मिनिटांत हाती पडतं ते यामुळेच.

आवृत्तीसाठी कसोटी एकच: पायथन ३.९ असतं तर उत्तर बदललं असतं का? मर्जच्या बाबतीत नाही. उलट पांडाजची आवृत्ती विचारात घ्यावी लागेल. डेटाफ्रेमला ओळी जोडणारं अपेंड पांडाज २.०मध्ये काढून टाकलं, तिथे आता कॉन्कॅट वापरावं लागतं. म्हणून दोन्हींचे आकडे प्रश्नाच्या मजकुरात लिहा, एररचा ट्रेसबॅक (ती कुठे आली ते दाखवणारा मजकूर) पूर्ण चिकटवा (स्क्रीनशॉट नको), आणि टॅग तीनच ठेवा: पायथन, पांडाज, डेटाफ्रेम. पाच जागा आहेत म्हणून पाचही भरायलाच हव्यात असं नाही.

रानवारा:
सहमत. आवृत्तीचा टॅग कधी लावायचा तेही सांगतो. मॅच-केस (किमतीनुसार वेगवेगळा कोड चालवायची रचना) पायथन ३.१०पासून आहे, ३.९वर तीच ओळ सिंटॅक्स एरर देते. डिस्टयूटिल्स (पॅकेज बनवायचं जुनं मॉड्यूल) ३.१२मध्ये काढलं, त्यामुळे जुनी सेटअप फाइल इम्पोर्टलाच अडते. अशा प्रश्नाचा गाभाच आवृत्ती असतो, तिथे पायथनच्या जोडीला तो टॅग हवाच.

जुन्या प्रश्नांवरचा पायथन-२.७ मात्र 'आता कोण वापरतं' म्हणून उडवू नका. पायथन २चा सपोर्ट १ जानेवारी २०२० रोजी संपला, पण तिथल्या उत्तरात ३/२ म्हणजे १ असतं आणि पायथन ३मध्ये १.५. तो टॅग गेला तर नवा वाचक ते उत्तर डोळे झाकून उचलणार.

आकडेमोड:
एक्सेलला ही कसोटी जशीच्या तशी लावली तर फसाल. प्रश्न साधा असतो: एका यादीतलं नाव दुसरीत शोधून त्यासमोरची रक्कम आणायची. वरवर यात आवृत्तीचा काही संबंध नाही. पहिलं उत्तर येतं एक्सलुकअपचं, आणि विचारणाऱ्याच्या ऑफिसात एक्सेल २०१६. ते फंक्शन २०१६ आणि २०१९मध्ये नाहीच, सेलमध्ये #नेम? ही एरर दिसते. फिल्टर फंक्शनचंही तेच. त्याला इंडेक्स-मॅच ही जुन्या फंक्शन्सची जोडी हवी होती. म्हणजे 'माझी आवृत्ती वेगळी असती तर' एवढंच नाही, उत्तर देणाऱ्याची आवृत्ती तुमच्यापेक्षा नवी असेल तर काय, हेही बघा. एक्सेल हा टॅग ठेवाच, शिवाय एक्सेल-२०१६ लावा आणि पहिल्याच ओळीत लिहा की अपग्रेड शक्य नाही. टॅगकडे निम्म्या लोकांचं लक्षच नसतं.

जुना_कंपायलर:
मुद्दा मान्य. अडचण आवृत्तीची असो वा बंधन आवृत्तीचं, टॅग लावावा. आणखी एक गोंधळ हमखास होतो. वेब अ‍ॅप बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये अँग्युलरजेएस म्हणजे १.एक्स आणि अँग्युलर म्हणजे २ व त्यापुढचं. २०१६मध्ये सगळं नव्याने लिहिलेलं आलं, त्यामुळे यांत सामान्य-विशिष्ट असं नातं नाही, ते वेगळेच फ्रेमवर्क आहेत. दोन्ही टॅग एकत्र लावायचे ते फक्त एकातून दुसऱ्यात स्थलांतर करत असाल तर.

सेमीकोलन:
बरं. माझ्या आधीच्या दहा-बारा प्रश्नांवरही असेच टॅग आहेत. सगळे आजच बदलून टाकू?

रानवारा:
एका दमात नको. प्रत्येक संपादनाने प्रश्न यादीत पुन्हा वर येतो आणि बाकीच्यांचे नवे प्रश्न खाली ढकलले जातात. शिवाय तुमचे गुण २,०००च्या खाली असताना दुसऱ्याच्या प्रश्नाला हात लावलात तर प्रत्येक बदल तपासणीच्या रांगेत जातो. एका वेळी दोन-तीन घ्या, आणि उघडलाच आहे प्रश्न तर शीर्षक आणि कोडचं फॉरमॅटिंगही त्यातच उरका.