डीएफ लटकतो, किलला दाद देत नाही, पासवर्ड घेत नाही: कुठून सुरुवात करू?

रातपाळी_वेर्णा
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका कारखान्यातले तीन लिनक्स सर्व्हर सध्या माझ्या गळ्यात आहेत. काल रात्री विजा, धो धो पाऊस, लाईट दोनदा गेली आणि यूपीएसनं मान टाकली. लाईट आल्यावर सगळं चालू केलं. आता पहिल्या सर्व्हरवर रूटनं (मुख्य खात्यानं) शिरून डीएफ (डिस्कवर किती जागा आहे हे दाखवणारी आज्ञा) मारला की प्रॉम्प्ट परत येतच नाही. कंट्रोल सी नाही, दुसऱ्या टर्मिनलवरून किल -९ (प्रोसेस जबरदस्तीनं मारणारी आज्ञा) नाही. दुसऱ्या सर्व्हरवर कुणाचाच पासवर्ड चालत नाही, काल संध्याकाळपर्यंत चालत होते. लॉगिन अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवरून (एडी, सगळ्यांची खाती एकाच जागी ठेवणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था), एसएसएसडी (लिनक्सला तिच्याशी जोडणारी सेवा) लावून. हे सगळं ज्यानं उभं केलं तो चवथीला गावी, फोन लागत नाही. साहेब म्हणतात सगळ्यांचे पासवर्ड रीसेट कर आणि दोन्ही मशिनं रीबूट मार. करू?

खाजें_आणि_चहा
आधी कंट्रोल क्यू दाबा. चुकून कंट्रोल एस दाबला गेला की टर्मिनल असंच गोठतं, आणि माणूस तासभर सर्व्हरला शिव्या घालतो.

रातपाळी_वेर्णा
दाबलं. ते नाही.

कुळागर
रीबूट नको, रीसेट तर मुळीच नको. नेटवर्कवरून जोडलेली दुसऱ्या सर्व्हरची डिस्क (एनएफएस माउंट) लटकली असावी. रीबूट करताना ती सोडवण्यात मशीन आणखी अडकेल.

पहिल्यावर चालू प्रोसेसची यादी काढा, हे मारा: पीएस -ईओ पीआयडी,स्टॅट,डब्ल्यूचॅन,सीएमडी. डीएफच्या ओळीत स्टॅटखाली 'डी' दिसलं तर ती प्रोसेस कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आत आय-ओची (डिस्कवरच्या वाचण्या-लिहिण्याची) वाट बघत बसली आहे. तिथून बाहेर येईपर्यंत तिला सिग्नल पोचत नाही, म्हणून किल -९ सुद्धा वाया. (कर्नल २.६.२५ पासून एनएफएसवर अडकलेली प्रोसेस बऱ्याचदा मारता येते, पण दर वेळी नाही.) डीएफच का लटकतो? कारण तो एकूण एक माउंटला 'जागा किती' असं विचारत जातो, आणि मेलेल्या एनएफएसपाशी उत्तरासाठी थांबून राहतो. डीएफ -एल मारा, फक्त स्थानिक डिस्क दिसतील. माउंट बघायला कॅट /प्रॉक/माउंट्स, ते लटकत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्राइंग' आहे का?

दुसऱ्याबद्दल एकच सांगा. पासवर्ड दिल्यावर लगेच नाकारतो, की घेऊन गप्प बसतो? गप्प बसत असेल तर बहुधा पासवर्ड बरोबर आहे, होम डिरेक्टरी एनएफएसवर अडकली आहे. लगेच नाकारत असेल तर डेट मारून घड्याळ बघा. एडीचं लॉगिन केर्बेरोसवर (वेळ बघून ओळख पटवणाऱ्या पद्धतीवर) चालतं, आणि घड्याळात ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

मांडवी_काठ
एनएफएस सॉफ्ट माउंट करून टाका ना. वेळ संपली की एरर येतो, विषय संपला. आमच्याकडे पणजीला कित्येक वर्षं तसंच आहे.

कुळागर
बाब, वाचण्यापुरतं असेल तर ठीक. लिहीत असताना सॉफ्टची वेळ संपली तर प्रोग्रामला एरर मिळतो, आणि निम्मे प्रोग्राम तो तपासतच नाहीत. फाईल अर्धी राहते, कळतं महिन्याभरानं. कारखान्याच्या डेटाला हार्डच (उत्तर येईपर्यंत थांबणारं) हवं. जुने संग्रह वगैरे ऑटोएफएसवर टाका, म्हणजे कुणी मागेपर्यंत माउंटच होत नाहीत.

जुना_एनआयएसवाला
नशीब समजा एडी आहे. आमच्या वेळी एनआयएस (खाती एकाच जागी ठेवणारी जुनी यंत्रणा). वायपीकॅट पासवर्ड मारला की सगळ्यांचे हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) कुणालाही दिसायचे, आणि ते बनवणाऱ्या जुन्या क्रिप्टमुळे पहिली ८ अक्षरंच मोजली जायची. पुढे वाट्टेल ते लिहा, लॉगिन व्हायचं! कुणाकडे अजून असेल तर काढा, आरएचईएल (रेड हॅट लिनक्स) ९ मध्ये तर ती पॅकेजंच नाहीत. दुसरं, एलएस -एल (मालकांच्या नावांसह फाईलींची यादी) लटकतो आणि एलएस -एन (तीच, नावांऐवजी आकडे) झटकन येतो असं झालं तर दोष डिस्कचा नाही, नावं शोधण्याचा. तेव्हा एनएसस्विच (नावं कुठून शोधायची ते ठरवणारी फाईल) आणि एसएसएसडी बघायचं.

रातपाळी_वेर्णा
सापडलं. पहिल्यावर डीएफ, दोन बॅकअप आणि कुणाचा तरी एलएस, सगळे 'डी'. डीमेसेजमध्ये तीच ओळ. तिसरा म्हणजे फाईल सर्व्हर पिंगलाही उत्तर देत नव्हता. कन्सोल लावला तर डिस्क तपासणीत चूक आढळून तो इमर्जन्सी मोडमध्ये, रूटच्या पासवर्डची वाट बघत थांबलेला. एफएसचेक (डिस्कची तपासणी-दुरुस्ती) करून वर आणला आणि काही न करता डीएफ पुढे सरकला, बॅकअपही.

दुसरा पासवर्ड लगेच नाकारत होता. घड्याळ तब्बल तीन तास मागे! आणि क्रोनीला (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामला) वेळ पुरवणारा सर्व्हर कोण, तर तोच पडलेला फाईल सर्व्हर. क्रोनीसी मेकस्टेप (घड्याळ एकदम जुळवणारी आज्ञा) मारलं, लोक आत. एकही पासवर्ड बदलला नाही.

कुळागर
छान. क्रोनीला दुसरा वेळ-सर्व्हर आजच जोडा, एडीचा डोमेन कंट्रोलर (मुख्य सर्व्हर) चालेल. लाईट गेल्यावर घड्याळ मागं पडलं म्हणजे बहुधा त्या बोर्डावरचा सेल गेलाय. चवथीनंतर बदला.

रातपाळी_वेर्णा
मडगावला मिळेल?

खाजें_आणि_चहा
बहुतेक बोर्डांवर सीआर २०३२ असतो, तरी उघडून नंबर बघून घ्या. घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळेल. दोन घ्या, पहिल्याचाही बदलून टाका.