ओबामा की हिलरी? टेक्सासचं गौडबंगाल (मार्च २००८)

तापीकाठ, भुसावळ: अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट पक्षाचा उमेदवार ओबामा की हिलरी, हे ठरवायला राज्याराज्यांत पक्षाची निवडणूक चालू आहे. ४ मार्चला टेक्सास हिलरीने जिंकलं म्हणतात, तरी ओबामाची माणसं खूश. असं कसं? ह्यूस्टनच्या आक्कांनी मत टाकलंय, त्यांनीच सांगावं.

यावलची आक्का, ह्यूस्टन: भाऊ, इथे एकाच निवडणुकीत दोनदा हजेरी. आधी मतदान, त्यातून १२६ प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारी माणसं. ते संपलं की रात्री सव्वासातला कॉकस, म्हणजे कुणाच्या बाजूने ते सही करून सांगायची पक्षाची सभा, त्यातून ६७. मतदानात हिलरी पुढे, कॉकसमध्ये ओबामावाल्यांची फौज. शाळेच्या हॉलमध्ये ही गर्दी! सहीचा कागद फिरतोय अन् पेनच नाही. मी पर्समधलं दिलं, ते एका ओबामावाल्याने लांबवलं. मी हिलरीची. तिच्या योजनेत आरोग्य विमा सगळ्यांना सक्तीचा, ओबामाच्यात फक्त मुलांना. आमचा धंदा घरचा, हप्ता आम्हीच भरतो. भाषणांनी दवाखान्याचं बिल फिटत नाही.

चोपड्याचा भाचा: मावशी, पण २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाला हिलरीने होकार दिला, त्याचं काय? ओबामा तेव्हाच शिकागोत विरोधात बोलला होता.

यावलची आक्का: बोलला, पण तेव्हा तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये नव्हता रे. मत द्यायची वेळच आली नव्हती. तरी मुद्दा खोटा नाही. यावरूनच आमच्याकडे जेवताना वाजलं, नवरा ओबामाचा आहे.

तापीकाठ: म्हणजे एका घरातली दोन मतं कटली! आता पुढे?

यावलची आक्का: २२ एप्रिलला पेनसिल्व्हेनिया. डेमोक्रॅट पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतात, म्हणून भिजत घोंगडं. तिकडून कुणी येणार असेल तर कळण्याचं पीठ धाडा.