बायोइन्फॉर्मॅटिक्सवाल्यांचं नाव पेपरात कायम मधेच का?

मेघना_पीएचडी
नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोइन्फॉर्मॅटिक्स (कॉम्प्युटरवर जैविक डेटाचा अभ्यास) करून पीएचडीला आलेय, लॅबमधे मी सोडून सगळे वेट लॅबवाले, म्हणजे हाताने प्रयोग करणारे. आरएनए सीक्वेन्सिंगचा, म्हणजे पेशीत कुठले जीन किती चालू आहेत याचा, डेटा आला की क्वालिटी चेक, अलाइनमेंट (वाचलेले तुकडे जीनोमवर जुळवणं), कुठले जीन वर गेले कुठले खाली आले ते काढणं, पेपरातल्या निम्म्या फिगर्स, हे सगळं माझ्याकडे, आणि लेखकांची यादी झाली की माझं नाव चौथं नाहीतर पाचवं. सर माणूस म्हणून चांगले आहेत, पण त्यांना खरंच असं वाटतं की प्रश्न बायॉलॉजीचा आहे आणि मी करते तो सपोर्ट. मला भांडायचं नाहीये. पण या विषयाची स्वतःची जर्नल्स आहेत, कॉन्फरन्सेस आहेत, डिग्र्या आहेत, मग ही उतरंड अजून कशी टिकून आहे? इतिहास माहीत असलेल्या कुणीतरी सांगा ना.

गोदाकाठ
मेघना, हे दुखणं विषयाच्या जन्मापासूनचं आहे. मार्गारेट डेहॉफचं नाव तुम्हाला पॅम मॅट्रिक्सपुरतं (सीक्वेन्सची तुलना करायचा गुणतक्ता) शिकवलं असेल, पण बाईंनी १९६५ मधे प्रोटीन सीक्वेन्सचा, म्हणजे प्रोटीनमधल्या अमिनो आम्लांच्या क्रमांचा, अॅटलास काढला तेव्हा जगात कळलेले सीक्वेन्सच इतके थोडे होते की त्या पहिल्या पुस्तकात ६५ प्रोटीन्स बसली. छापून आलेले पेपर शोधायचे, सीक्वेन्स उतरवून घ्यायचे, पुन्हा तपासायचे, मग कॉम्प्युटरला द्यायचे. आज आपण अलॅनिनला ए आणि ट्रिप्टोफॅनला डब्ल्यू लिहितो तो एका अक्षराचा कोडसुद्धा त्यांच्याच कामातून आला. आणि तेव्हाच्या प्रयोगवाल्यांचं म्हणणं काय, तर सीक्वेन्स आम्ही घाम गाळून काढले, यांनी नुसते गोळा केले. गोळा करणं म्हणजे संशोधन नव्हे ही समजूत तिथून पक्की झाली ती तुझ्या सरांपर्यंत पोचलीय बघ.

पुढे १९८२ मधे अमेरिकन सरकारने डीएनएच्या सार्वजनिक डेटाबँकेचं कंत्राट काढलं, आजचं जेनबँक, तेव्हा डेहॉफ यांचा गट स्पर्धेत होता पण काम गेलं लॉस अॅलमॉस या सरकारी प्रयोगशाळेतल्या गटाकडे, कारण डेटावर हक्क सांगणार नाही, सगळ्यांना खुला ठेवू असं त्यांचं धोरण होतं, आणि डेहॉफ यांच्याकडचा अॅटलास विकत घ्यावा लागायचा. पुढच्याच वर्षी बाई गेल्या. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खुल्या डेटाचा निर्णय योग्यच होता पण पाया ज्यांनी घातला त्यांना विषयाची भरभराट बघायला मिळाली नाही.

मान्यता मिळाली ती मात्र वादात जिंकून नाही. सीक्वेन्स इतके वाढले की हाताने बघणं अशक्य झालं, मग जर्नलांनी नियम केला की आधी डेटाबँकेत जमा करा, नंबर आणा, मग छापू. १९९० मधे ब्लास्ट हे मिळतेजुळते सीक्वेन्स शोधणारं सॉफ्टवेअर आलं आणि त्याच्याशिवाय कुणाचं पानच हलेना. थोडक्यात गरज पडली म्हणून जागा दिली, मान नंतरचा.

राइनकाठचा_मराठी
वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन, पण एक गोष्ट राहिली. आपल्या विषयाच्या आतपण उतरंड आहे आणि ती आपणच चालवतो. सगळ्यात वर अल्गोरिदम लिहिणारे, मग टूल बनवणारे, मग तुझ्यासारखे अॅनालिसिस करणारे आणि सगळ्यात खाली क्युरेटर, म्हणजे जी माणसं एकेक पेपर वाचून हे प्रोटीन पेशीत कुठे असतं, काय करतं ते डेटाबेसमधे हाताने भरतात. स्विस-प्रॉट हा असाच हाताने भरलेला प्रोटीनचा डेटाबेस १९८६ मधे सुरू झाला, जगभर वापर होता, तरी १९९६ मधे निधी आटला आणि बंद पडायची वेळ आली, तेव्हा तो सुरू करणाऱ्या अमोस बायरोखना इंटरनेटवर जाहीर आवाहन करावं लागलं. नवं काही शोधा म्हटलं की पैसे मिळतात, आहे ते नीट सांभाळा म्हटलं की कुणी देत नाही, हे मी इथे रोज बघतो.

२०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल घ्या. अर्धं नवी प्रोटीन्स घडवणाऱ्या बेकरना, अर्धं हसाबिस आणि जंपर यांना, सीक्वेन्सवरून प्रोटीनची रचना सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयसाठी, आनंदच आहे. पण अल्फाफोल्ड शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे प्रयोगाने काढलेल्या प्रोटीनच्या त्रिमितीय रचनांच्या साठ्यावर, जी १९७१ मधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रचनांवर सुरू झाली आणि पुढच्या ५० वर्षांत दीड लाखाच्या पुढे गेली. त्यातल्या कितीतरी रचनांमागे कुणाची तरी अख्खी पीएचडी आहे. आता तर वेट लॅबवाले आणि आपण दोघेही खालच्या पायरीवर आणि वर एआयवाले, असं चित्र दिसायला लागलंय.

प्राध्यापक_कोल्हापूर
ताई, नावाच्या क्रमाइतकाच नोकरीच्या जाहिरातीचा प्रश्न आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मॅटिक्सचं सेंटर १९८७ मधे झालं, म्हणजे आपण उशिरा सुरुवात केली असंही नाही. पण सीएसआयआर नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) द्यायची तर लाइफ सायन्सेसचाच पेपर, आणि मुलाखतीत तज्ज्ञ बसतात ते बॉटनी, झूऑलॉजी नाहीतर कॉम्प्युटरचे. माझा एक विद्यार्थी एका कॉलेजात गेला तर बॉटनीवाले म्हणाले तू कॉम्प्युटरचा, कॉम्प्युटरवाले म्हणाले तू बायॉलॉजीचा, बिचाऱ्याला दोन्हीकडून नकार. विषयाला खरी मान्यता कधी, तर निवड समितीत त्याच विषयाची माणसं बसतात तेव्हा, कारण तोपर्यंत तुमचं मोजमाप दुसऱ्याच्या पट्टीने होतं.

मेघना_पीएचडी
सगळ्यांचे मनापासून आभार. डेहॉफ यांच्याबद्दल इतकं काहीच माहीत नव्हतं. क्युरेटरांचं वाचून तर रोज यूनिप्रॉट (स्विस-प्रॉट आता ज्याचा भाग आहे तो डेटाबेस) उघडते तेव्हा मागे कोण आहे हा विचारच केला नव्हता हे जाणवलं. पण राइनकाठ दादा, सरांशी बोलू कसं? पुढचा प्रोजेक्ट पुढच्या महिन्यात सुरू होतोय.

राइनकाठचा_मराठी
सॅम्पल सीक्वेन्सिंगला जायच्या आधी बोल, डेटा आल्यावर नको, तेव्हा उशीर झालेला असतो. किती रेप्लिकेट्स (एकाच प्रयोगाचे पुन्हा घेतलेले नमुने) घ्यायचे, नमुन्यांचे बॅच कसे पाडायचे, हे तू ठरव आणि मीटिंगनंतर तेवढं मेलवर लिहून सगळ्यांना पाठव. प्रयोगाच्या आखणीत तुझा हात आहे हे एकदा लेखी आलं की सपोर्ट म्हणणं अवघड जातं. मग सरळ विचार, की पहिल्या नावाचा मान दोघांत वाटून घेता येईल का, तळटीपेत समान योगदान असं लिहून, बहुतेक जर्नल्स त्याला परवानगी देतात. आणि कोड तुझ्या नावाने गिटहबवर (कोड जाहीर ठेवायची साइट) टाक, आधी सरांना विचारून.

गोदाकाठ
आणि मेथड्स सेक्शन स्वतः लिही, दुसऱ्याला लिहू देऊ नकोस. दोन ओळींत उरकायचा नाही, सॉफ्टवेअरचं कुठलं व्हर्जन, कुठला कटऑफ आणि तोच का, सगळं.