प्रति: रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना अँटिबायोटिक

दोन गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवलं की काही होत नाही, असं या चर्चेत वर कुणी लिहिलंय. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कृपा करून यावर विसंबू नका. अंतराचा उपयोग कॅल्शियम आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या जोडीला, कारण ती पोटातच एकमेकांना धरून बसतात. इथे गडबड यकृतात होते. मेट्रोनिडाझोल किंवा को-ट्रायमोक्साझोल ही अँटिबायोटिकं रक्त पातळ करणारं औषध मोडणारं एन्झाइमच अडवतात, मग रोजचाच डोस अंगात साठत जातो.

इंदूरला रामबागेत माझी आत्या राहते, हृदयात कृत्रिम झडप आहे, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू. जुलाब लागले म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मेट्रोनिडाझोल आणलं. चार-पाच दिवसांत दात घासताना ब्रश लाल व्हायला लागला, बीपीचा पट्टा बांधला त्या दंडावर जांभळा वळ उठला. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी, आकडा जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) निघाला ६.४, तिचा ठरलेला २.५ ते ३.५. वेळेत कळलं हे नशीब. टीबीवरचं रिफाम्पिसिन नेमकं उलट करतं, आयएनआर खाली आणतं, म्हणजे गुठळीची भीती. म्हणून अँटिबायोटिक सुरू झाल्यावर तीन ते पाच दिवसांत आयएनआर करा, आणि कोर्स संपल्यावर पुन्हा एकदा, कारण तेव्हाही आकडा हलतो. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना आधी फोन करा. दाताच्या डॉक्टरांनाही ॲसिट्रॉमचं पाकीटच दाखवा.